झोंबलं ते ‘लंगडी’ की ‘वासरं’?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीचा, वय ४७. दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला, डाव्या पायात कॅलिपर (आधाराची पट्टी) आहे. गावभागात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सहा वर्षांमागं आम्ही दिव्यांगांची संघटना काढली, अध्यक्ष मीच. ३४ सभासद आहेत. दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या ५ टक्के निधीसाठी महापालिकेत हेलपाटे मी घातले, सगळ्यांची यूडीआयडी कार्डं (दिव्यांगांची सरकारी ओळखपत्रं) मी काढून दिली, एक रुपया घेतला नाही. आता कुणाला त्याची किंमत नाही.

गेल्या बैठकीत आमच्यातले तबल्याचे मास्तर (पूर्ण अंध आहेत) भर सभेत म्हणाले, “वासरात लंगडी गाय शहाणी!” सगळे हसले. माझ्या पायावरून मला माझ्याच संघटनेत ऐकून घ्यावं लागलं. त्यांची तक्रार काय, तर त्यांना काही कळवलं जात नाही. मी प्रत्येक जीआरचा (सरकारी निर्णयाचा) फोटो काढून ग्रुपवर टाकतो! शेवटी त्यांच्यासाठी बोलून रेकॉर्डिंग पाठवायला लागलो, तर कुपवाड एमआयडीसीत कामाला असलेली चार कर्णबधिर पोरं यायची बंद झाली. २०१९ च्या पुरात ह्याच पोरांनी माझं झेरॉक्स मशीन माडीवर चढवलं होतं. मी त्यांना नेहमी खुणेनं सांगतो, बैठक होऊ दे, काय ठरलं ते नंतर सांगतो. तरी रुसली.

एका वहिनींचा २२ वर्षांचा मुलगा आहे, बौद्धिक अक्षमता आहे. वहिनी म्हणतात त्याला कमिटीत घ्या. तो बैठक चालू असताना बाहेर चपलांशी खेळत बसतो, कमिटीत काय बोलणार? व्हीलचेअरवाल्या एक बाई आहेत, त्या कधीच येत नाहीत. देवळाच्या सभामंडपाला पायऱ्या चारच आहेत. मला तर उलट रॅम्पवर घसरायला होतं.

आणखी एक. ३ डिसेंबरच्या, जागतिक दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमात मला त्या मुलाशेजारी बसवलं. पाहुण्यांनी दोघांना शाल घातली आणि माझ्याकडं बघत आयोजकांना विचारलं, “ह्यांना कळतं का बोललेलं?” मी म्हणालो, “मी बी.कॉम. आहे, मी त्यातला नाही.” वहिनी मागंच उभ्या होत्या. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

सगळेच दिव्यांग असून आम्हाला एकमेकांचं का कळत नाही? की ज्याचं त्यानं वेगळं करावं?

— एक अध्यक्ष

अध्यक्षदादा, नमस्कार.

पत्र वाचल्यावर आधी मास्तरांचा राग आला, मग तुमचा. म्हणून चार दिवस तसंच ठेवून दिलं आणि आज साताऱ्यात पावसानं जरा उघडीप दिल्यावर लिहायला बसले.

३४ जणांची कार्डं फुकटात काढून देणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. तपासणीची तारीख मिळेपर्यंत सिव्हिलच्या बाकावर ताटकळायचं, साइट अडकली की रात्री अकराला पुन्हा कॉम्प्युटर उघडायचा, कुणाचं आधारवरचं नाव वेगळं, कुणाचा अंगठाच उमटत नाही. कुणी नीट आभार मानले नसतील तर माझे घ्या. पुढचं मात्र जरा खरबरीत लागेल.

आधी ती म्हण. ‘लंगडी’ हा शब्द तुम्हाला लागला आणि लागणारच. शाळेच्या मैदानात तो तुमच्या मागं किती पळाला असेल! मास्तरांनी तो काढायला नको होता. त्यांच्याही वाट्याला ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ आहेच, माझ्या वाट्याला ‘आंधळ्या-बहिऱ्याची गाठ’. (नव्या वाचकांसाठी सांगते, मी बहिरी आहे. एकोणिसाव्या वर्षी तापात दोन्ही कान गेले. मशीन लावून थोडं ऐकू येतं, बाकीचं ओठांवरून ओळखते.) आपल्या भाषेनं कुणालाच उपाशी ठेवलेलं नाही. तेव्हा मास्तरांना एकटं गाठून सरळ सांगा, शब्द लागला म्हणून. ग्रुपवर नको.

पण दादा, ती म्हण सावकाश पुन्हा म्हणून बघा. गाईच्या पायाशी तिला काही घेणंदेणं नाही, तिचा सगळा रोख वासरांवर आहे. मास्तर जे बोलले ते मला साताऱ्यात बसून असं ऐकू आलं: ‘तुम्ही इथं आम्हाला वासरं समजता.’ तुम्ही आपला पाय धरून बसलात आणि निरोप तसाच राहिला.

आता जीआरचे फोटो. मास्तरांच्या फोनमध्ये टॉकबॅक असणार. टाईप केलेलं अक्षर तो वाचून दाखवतो. फोटो आला की तो म्हणतो, ‘फोटो’. संपलं. म्हणजे सहा वर्षं तुम्ही मास्तरांना ‘फोटो, फोटो, फोटो’ एवढंच कळवत आलात, आणि वर विचारताय की कळवूनही तक्रार का. तुमचं तर टायपिंगचंच दुकान! चार ओळींत मजकूर टाईप करून टाकला असता तर मास्तरांच्या फोननं तो घडाघडा वाचला असता. ते कळलं तेव्हा तुम्ही बोलून पाठवायला लागलात, आणि एका दाराची कडी काढताना दुसऱ्या दाराला लागली.

ह्यात तुमचा खोटेपणा नाही. एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण, हे आपल्यात रोजचंच आहे. व्हीलचेअर उतरावी म्हणून फुटपाथची कड सपाट केली की पांढऱ्या काठीला फुटपाथ कुठं संपला ते लागत नाही. म्हणून तिथं उठावाच्या ठिपक्यांच्या फरश्या बसवतात, तर त्याच ठिपक्यांवर एखाद्याची कुबडी डगमगते. स्वमग्न मुलाला लाउडस्पीकर सोसवत नाही आणि मला त्याच्याशिवाय चालत नाही. तुमचंच घ्या ना. कॅलिपर उतारावर घसरतो, तुम्हाला कठडा असलेल्या पायऱ्या बऱ्या. त्या व्हीलचेअरवाल्या बाईंना तुमच्या ‘चारच’ पायऱ्या म्हणजे अजिंक्यतारा. कार्डावर मात्र तुम्ही दोघंही अस्थिव्यंग, एकाच रकान्यात.

त्यामुळं ‘सगळेच दिव्यांग असून एकमेकांचं का कळत नाही’ हा तुमचा प्रश्नच मला उलटा वाटतो. कळेल कसं? पोलिओनं तुम्हाला पायाचं शिकवलं. कानाचं आणि डोळ्याचं शिकवायला पोलिओ काय शिकवणी घेतो?

आता माझीच एक गोष्ट सांगते. ‘आंधळ्या-बहिऱ्याची गाठ’ मी तीन वर्षं प्रत्यक्ष जगले आहे. २००६ च्या सुमारास साताऱ्यात राजवाड्याजवळ आम्ही दोघींनी मिळून खोली घेतली होती. ती जन्मापासून अंध, बँकेत टेलिफोन ऑपरेटर. सगळ्यांना वाटलं, वा, छान जोडी जमली, एकमेकींना सांभाळून घेतील. पहिला महिना आमचं एकदाही पटलं नाही. ती चहा करताना शेगडीशी बोलायची. म्हणजे बोलायची माझ्याशीच, पण तोंड शेगडीकडं, आणि तोंड दिसल्याशिवाय मला ऐकू येत नाही. तोंड वळवायचं तिला कारणच काय? आवाज तर सगळीकडं जातो! मी कामावरून यायची तर खोलीत काळोख, ही निवांत पुस्तकावर बोटं फिरवत बसलेली. मी बटण दाबायची, ती चिडायची, “बिलातलं निम्मं मी भरते.”

त्यात ते भारनियमनाचे दिवस. दिवे गेले की माझे कानही जायचे. एका संध्याकाळी बँकेत कुणीतरी तिचा अपमान केला होता, त्याची सगळी हकिकत तिनं मला अंधारात सांगितली, सांगताना रडलीसुद्धा. मी तेवढ्यात उठून गॅलरीतले कपडे काढायला गेले होते, कारण पाऊस धरला होता. पत्र्यावरच्या पावसात माझी पावलं तिला ऐकू आली नाहीत, आणि ती बोलत होती हे मला माहीत नव्हतं. मेणबत्ती लावून आत आले तर ती रिकाम्या खुर्चीकडं तोंड करून ओरडत होती. ओठांवरून एवढंच कळलं: “दगड आहेस का गं तू?”

दोन दिवस अबोला. (आंधळी आणि बहिरी ह्यांचा अबोला, तो सुरू झालाय हे मला कळायलाच अर्धा दिवस गेला.) तिसऱ्या दिवशी दिवे गेले. तिनं उशाखालची बॅटरी काढली, चाचपून बटण दाबलं आणि स्वतःच्या हनुवटीखाली धरली. “आता ऐकू येतं का?” जिला आयुष्यात कधी उजेडाची गरज पडली नाही ती माझ्यासाठी आपल्या तोंडावर उजेड पाडून बसली होती, तोही भलत्या कोनात. भुतासारखी दिसत होती. मी हसत सुटले, का हसतेय ते सांगितलं, मग तीही हसली. त्या दिवसापासून तिच्या ओढणीच्या पदराला ती बॅटरी असायची. आणि मी उठताना टेबलावर दोनदा टकटक करून उठायला लागले, म्हणजे रिकाम्या खुर्चीशी बोलायची वेळ तिच्यावर येऊ नये.

मैत्री त्यानंतर झाली. त्याआधीच्या महिन्यात आम्हाला एकमेकींची कीव येत होती, आणि कीव करून घरातलं एकही काम होत नव्हतं. ती बोलताना कुणीकडं बघते आणि मी उठताना आवाज करते का, एवढी बारीक माहिती कळल्यावर संसार सुरळीत चालला.

तुमच्या संघटनेत ही माहिती कुणी कुणाला विचारलीच नाही, असा माझा अंदाज आहे. तुम्ही ३४ जणांचे फॉर्म भरलेत, म्हणजे प्रत्येकाच्या अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी तुम्हाला तोंडपाठ असेल. पण ‘बैठकीला तुम्हाला काय लागतं?’ असा रकाना त्या फॉर्मात नसतो.

त्या चार पोरांचं बोलू. ती रुसलेली नाहीत दादा, ती कंटाळलीत. ‘नंतर सांगतो’ हे वाक्य बहिऱ्या माणसानं जन्मभर ऐकलेलं असतं, म्हणजे ऐकायला येत नसलं तरी ऐकलेलं असतं. घरात सगळे खदखदा हसतात, आपण विचारतो काय झालं, तर ‘नंतर सांगते.’ नंतर विचारलं की ‘काही नाही गं, असंच.’ तुमच्या बैठकीत तास-दीड तास पंख्याखाली बसून इतरांची हलणारी तोंडं बघायची आणि शेवटी अंगठा वर करून ‘ठरलं’ एवढंच समजायचं, तर रविवारची झोप कोण घालवेल?

त्यांना मराठीत लिहून दिलं की झालं, असंही समजू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. माझे कान एकोणिसाव्या वर्षी गेले, तोवर मराठी अंगात मुरली होती. जन्मतः बहिरी असलेली मुलं शाळेत एकमेकांत सांकेतिक भाषेत वाढतात, तीच त्यांची पहिली भाषा. मराठी ही त्यांना परक्या भाषेसारखी, डोळ्यांनी शिकलेली. सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं, तिच्यात मराठीचा शब्द उचलून खूण बसवत नाहीत. दिल्लीत २०१५ साली तिच्यासाठी सरकारी संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, आणि २०२१ पर्यंत तिच्या शब्दकोशात १०,००० शब्द झाले. मी एकदा कर्णबधिर तरुणांच्या मेळाव्याला मोठ्या आपुलकीनं गेले, आपल्याच माणसांत चाललो म्हणून. तीस-चाळीस हात भराभर हलत होते, हशा पिकत होता, आणि मला ओ की ठो कळेना. शेजारच्या मुलीला विचारलं, तर तिनं हातानं थांबवून खूण केली: नंतर सांगते.

पुरात ह्याच पोरांनी तुमचं मशीन माडीवर नेलं म्हणता. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तो ऑगस्ट. धोक्याची पातळी ४५. गावभागात भोंग्यावर सूचना देत फिरत होते तेव्हा त्या पोरांना पाणी चढतंय हे कुणी सांगितलं? तुम्हीच ना? आणि मशीन कुठून धरायचं, ट्रे आधी काढायचा, जिन्यात तिरकं करायचं, हे सगळं तुम्ही चौघांना हातवाऱ्यांनी समजावलंत आणि त्यांना समजलं. त्या वेळी ‘नंतर सांगतो’ म्हणून भागलं नसतं. त्यांच्यातल्या एकाला दुकानात बोलवा, चहा पाजा आणि रोज दहा खुणा शिकवायला सांगा. चुकाल, ती हसतील, हसू द्या. बैठकीपुरता खुणा करून सांगणारा माणूस शोधा. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवणाऱ्यांना विचारलं तर निघेल कुणीतरी. त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च संघटनेनं द्यायचा, पोरांनी नाही.

कायद्याचंही दोन शब्दांत सांगते, कारण भांडणाचं थोडं खापर तिकडंही जातं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. कुष्ठमुक्त, थॅलेसेमियाचे रुग्ण, ॲसिड हल्ल्यात होरपळलेल्या बाया, स्वमग्न, पार्किन्सनवाले, सगळे एका पंगतीला बसले ते कायद्यानं बसवले म्हणून. सरकारी नोकऱ्यांत आरक्षण ४ टक्के: एक अंधांना, एक कर्णबधिरांना, एक अस्थिव्यंगांना, आणि उरलेल्या एकात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांग सगळे दाटीवाटीनं. वाटणी आली की भावकी आली. मग आपण नव्या माणसाला नावाआधी ‘किती टक्के?’ विचारतो आणि ४२ टक्केवाल्याकडं ७५ टक्केवाला असं बघतो, जसा काही त्यानं जास्त अभ्यास केला होता.

ह्या बाबतीत खेळवाले आपल्यापेक्षा शहाणे. तुमच्याच जिल्ह्यातली दोन माणसं घ्या. पेठचे मुरलीकांत पेटकर, ६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. आणि आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी, २०२४ साली पॅरिसला गोळाफेकीत रौप्य, १६.३२ मीटर. खिलारींचा गट एफ ४६, म्हणजे हाताचं अपंगत्व. दृष्टिहीनांचे गट एफ ११ ते १३. त्यांची एकमेकांशी स्पर्धा कुणी लावत नाही, कारण तशा स्पर्धेला अर्थ नाही हे तिथं ठरलेलंच आहे. तुमच्या सभामंडपात मात्र सहा वर्षं एकच शर्यत चालू आहे आणि तिचे नियम तुमच्या पायाच्या मापानं केलेले आहेत.

आता तुमच्या पत्रातलं खरं पत्र, जे तुम्ही ‘आणखी एक’ म्हणून शेवटी टाकलंत.

‘मी त्यातला नाही.’ दादा, हे मीही म्हटलंय. दुकानात कुणी माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं तोंड वाकडं करून बोललं की मी फटकन म्हणायची, “मी बहिरी आहे, मंद नाही.” किती वर्षं म्हणत होते कोण जाणे. त्यात काही चुकतंय असं मनातही आलं नाही. मास्तरांना विचारा, पांढऱ्या काठीवाल्या माणसाला सोडून त्याच्या बायकोला ‘साहेब चहा घेणार का’ विचारणारे त्यांनाही भेटले असतील, आणि त्यांनीही काहीतरी असंच सुनावलं असेल. आपल्या सगळ्यांना बाहेरचे लोक बिनडोक समजतात. त्याची चीड येते, आणि चिडून आपण तो शिक्का आपल्या कपाळावरून काढून शेजारच्याच्या कपाळावर नीट दाबून बसवतो. त्या शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर वहिनींचा मुलगा आहे. त्याला ‘मी त्यातला नाही’ म्हणायला खाली कुणी उरलेलंच नाही.

पाहुणा मूर्ख होता. त्याला ‘माझ्याशी बोला की’ एवढंच म्हणाला असतात तरी तुमचा मान राहिला असता. पण झालं ते झालं. वहिनींच्या घरी जा. सत्कार, शाल, ग्रुपवर जाहीर माफी, असलं काही करू नका. ‘तुमचा गैरसमज झाला’ हे तर मुळीच म्हणू नका, त्यांना अगदी बरोबर समजलंय. ‘मी बोललो ते वाईट बोललो’ म्हणा आणि गप्प बसा. त्या चहा टाकतील किंवा टाकणार नाहीत. मग मुलाशी बोला, थेट त्याच्याशी, आईकडं बघत नव्हे. त्याला उत्तर द्यायला वेळ लागेल. तेवढा वेळ आपल्याला फार लांब वाटतो आणि आपण मध्येच आईला विचारून मोकळे होतो. थांबा. तुमच्या दुकानात साइट उघडायची वाट बघता तेवढं तर थांबताच येईल.

एक विचारू? तो चपलांशी ‘खेळतो’ म्हणजे नक्की काय करतो? मला शंका आहे म्हणून विचारते. पुढच्या बैठकीनंतर मास्तर बाहेर पडतील तेव्हा बघा, त्यांना त्यांच्या चपला शोधाव्या लागतात का. तुमचा तो कॅलिपरचा बूट कुठं ठेवलेला असतो, खांबाला लागून, जिथं टेकून घालता येईल असा? माझा अंदाज चुकीचाही असेल. बरोबर निघाला तर त्याला लगेच देवमाणूस करून टाकू नका, तेही आपल्याकडं फार चालतं. त्यानं एकाही चपलेला हात लावला नसता तरी कमिटीत बसायचा त्याला तुमच्याइतकाच हक्क आहे, कारण संघटना त्याचीही आहे. तो काय बोलणार हे बोलल्यावर कळेल. सोप्या शब्दांत, एका वेळी एक मुद्दा, हवी तर चित्रं. खरं सांगू, असं केलंत तर बाकीच्या सभासदांनाही पहिल्यांदाच जीआर कळेल.

आणि तुम्ही फॉर्म भरणारे, म्हणून हे एक. मुलगा १८ च्या पुढं गेला की वहिनींना कायदेशीर पालकत्वाचा कागद लागू शकतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती देते. त्याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विम्याची योजना आहे, १ लाखापर्यंतची. वहिनींना ठाऊक आहे का विचारा. पण माफी मागायला जाल त्या दिवशी नको, नाहीतर ती माफीची किंमत वाटेल.

शेवटी, वेगळं व्हावं का. लहानपणी आपण सगळ्यांनी ती गोष्ट ऐकलीय: आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला, एकानं वाट दाखवली, दुसऱ्यानं पाय चालवले. शास्त्रात त्याला अंधपंगुन्याय म्हणतात, सांख्य तत्त्वज्ञानातला दृष्टांत आहे. मला ती गोष्ट कधीच आवडली नाही. आंधळ्याचे खांदे दुखले का, हे त्यात कुणी विचारत नाही, आणि वाट कुणीकडची धरायची हे नेहमी खांद्यावरचाच ठरवतो. पण जुन्या भाष्यकारांनी पुढं एक चांगली गोष्ट सांगून ठेवलीय, ती शाळेत कुणी सांगत नाही: मुक्काम आला की ते दोघं वेगळे होतात. भांडण न करता, काम झालं म्हणून.

तेव्हा पोरांना त्यांचं वेगळं मंडळ काढायचं असेल तर काढू द्या, त्यांना आपल्या भाषेत हसायला जागा हवीच. मास्तरांचाही वेगळा गट असू दे. महापालिकेच्या दारात ५ टक्क्यांसाठी, बसच्या पायरीसाठी, सभागृहाच्या रॅम्पसाठी मात्र सगळे मिळून जा, आणि दर वेळी बोलणारा माणूस बदला. रॅम्पला दोन्ही बाजूंनी कठडा मागा, म्हणजे तुमचीही सोय होईल. तोवर सभामंडप सोडा, तळमजल्यावरची एखादी शाळेची खोली बघा. व्हीलचेअरवाल्या बाईंना स्वतः फोन करून विचारा, दार किती रुंद लागतं.

आणि बैठक संध्याकाळी दिवेलागणीनंतर घेत असाल तर ती दुपारी साडेचारला आणून बघा. उजेड असेपर्यंत पोरांना एकमेकांचे हात नीट दिसतात. मास्तरांच्या शिकवण्या त्याच वेळी असतील, तर तारीख त्यांना विचारून ठरवा. टाईप करून विचारा.